टाके पडण्याआधीची तालीम

काकांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर एक खेळणं ठेवलेलं होतं. निदान मला ते खेळणंच वाटलं. पारदर्शक प्लास्टिकची तीन उभी नळकांडी, प्रत्येकात एकेक रंगीत चेंडू आणि बाजूने निघालेली वेटोळी नळी. मोठ्या आतड्यातली गाठ काढायला काकांचं पोट उघडलं होतं, त्याला दोन दिवस झाले होते. औषधांच्या यादीबरोबर हे यंत्रही खालच्या दुकानातून आणायला सांगितलं गेलं. आणलं, पिशवी फाडली, स्टुलावर ठेवलं. काकू दर तासाने नळी त्यांच्या तोंडात द्यायची आणि म्हणायची, "अहो, फुंका. जरा जोर लावा." काका फुंकायचे. चेंडू ढिम्म. पोटात कळ यायची, काका डोळे मिटून घ्यायचे आणि यंत्र परत स्टुलावर जायचं.

तिसऱ्या रात्री ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली, बोटाला लावलेल्या चिमट्यातला आकडा खाली यायला लागला, नाकाला ऑक्सिजन लागला. चौथ्या दिवशी फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी आली. तिने पाच मिनिटं काकांचं फुंकणं पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "आजोबा, हे फुंकायचं नसतं. ओढायचं असतं. स्ट्रॉने सरबत ओढतो ना, तसं." काकांनी ओढलं. पहिला चेंडू निम्म्यापर्यंत उचलला गेला. त्यांनी तिच्याकडे पाहत विचारलं, "मग दोन दिवस मी काय करत होतो?"

आठवड्याभरात घरी यायचे ते काका अठराव्या दिवशी आले. उलटं फुंकल्यामुळे न्यूमोनिया झाला, असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षांची बिडी होतीच. आणि त्या चेंडूंच्या यंत्राची महतीही वाटते तेवढी नाही, ते पुढे येईलच. पण काकांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. ऑपरेशनची तारीख तीन आठवडे आधी ठरली होती. त्या तीन आठवड्यांत रक्त, लघवी, एक्स-रे, ईसीजी, इको, भूलतज्ज्ञांकडून 'फिटनेस' असं सगळं झालं. काय खायचं नाही ते सांगितलं, दाग-दागिने घरी ठेवायला सांगितले, सही कुठे करायची ते दाखवलं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही स्वतः काय करायचं आहे, एवढंच कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ऑपरेशनमध्ये पेशंटने काही करायचं असतं, ही कल्पनाच आमच्या घरात कोणाला नव्हती.

पोट उघडल्यावर छातीला काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर पोटाच्या ऑपरेशनला श्वासाचे व्यायाम कशाला, हा रास्त प्रश्न अडून राहतो. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी इवल्या हवेच्या पिशव्या असतात. भूल चढली की स्नायू सैलावतात, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर सरकतो आणि फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो. भूल दिलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांच्या काही पिशव्या त्या वेळी मिटतात. हे बिघाडाचं लक्षण नाही, भुलेबरोबर ते येतंच. बहुतेकांच्या पिशव्या नंतर उघडतातही. बरगड्यांखालचं, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातलं मोठं ऑपरेशन असेल तर मात्र गोष्ट लांबते. श्वासाचा पडदा काही दिवस नीट हलत नाही, आणि एका दमात जेवढी हवा आत घेता यायची ती साधारण निम्म्यावर येते.

यात उसाशाचीही एक भानगड आहे. निरोगी माणूस दर पाचेक मिनिटांनी, स्वतःच्या नकळत, एक खोल उसासा टाकतो. त्याला दुःख झालेलं नसतं. मिटत आलेल्या पिशव्या उघडायची ती शरीराची रीत आहे. पोटावर टाके असले की माणूस आखडून, वरवरचे, सारखे श्वास घेतो. वेदनाशामक म्हणून दिलेली अफूच्या जातीची औषधं त्या उसाशालाही दाबतात. त्यात खोकला दुखतो म्हणून माणूस खोकत नाही, कफ तिथेच साचतो, आणि मिटलेल्या, ओल्या कोपऱ्यात जंतूंना घर मिळतं. हे सगळं पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घडायला लागतं. काकांना शिकवायला माणूस आलं ते चौथ्या दिवशी.

शिकवणं चार दिवस अलीकडे आणलं तर काय होतं, याचं सर्वांत नेटकं उत्तर आलं ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटावरून. तिथल्या लॉन्सेस्टनच्या सरकारी इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट इयान्थी बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन इस्पितळांत ४४१ पेशंट घेतले. सगळ्यांचं पोटाच्या वरच्या भागाचं, आधी ठरवून केलेलं ऑपरेशन होणार होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. छापील पुस्तिका सगळ्यांना दिली. तिच्यात न्यूमोनिया कसा होतो, श्वासाचे व्यायाम कसे करायचे, हे चित्रांसकट होतं. त्याशिवाय एका गटाला ऑपरेशनच्या आधी, तपासणीला आले त्याच सुमारास, फिजिओथेरपिस्टबरोबर तीस मिनिटं मिळाली. एकदाच. ऑपरेशननंतर दोन्ही गटांना लवकर उठवून चालवलं. श्वासाचे व्यायाम पुन्हा कोणाला शिकवले नाहीत. तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं.

निकाल २०१८च्या जानेवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फक्त पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना छातीची गुंतागुंत झाली. तीस मिनिटं मिळालेल्यांत ती १२ टक्क्यांना झाली. दर सात जणांना शिकवलं की एकाचा त्रास टळतो, असा त्याचा हिशोब निघतो. दवाखान्यातल्या किती महागड्या औषधांना हा हिशोब जमतो, हे एखाद्या डॉक्टरांना खासगीत विचारून पाहा. सगळंच सुधारलं असं नाही. इस्पितळातल्या मुक्कामाच्या दिवसांत आणि मृत्यूंच्या संख्येत त्या अभ्यासाला ठाम फरक दिसला नाही, आणि लेखकांनी तो दिसल्याचा आवही आणला नाही.

मला त्यातली पुस्तिकाच जास्त बोलकी वाटते. पुस्तिका दोन्ही गटांकडे होती, मजकूर तोच होता. मग त्या अर्ध्या तासात वेगळं काय झालं? आधी फिजिओथेरपिस्टने पेशंटला सांगितलं, की भूल उतरल्यावर तुमच्या छातीत असं असं होणार आहे, आणि ते थांबवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. मग करून घेतलं. संथ, खोल श्वास, वर पोचला की तीन ते पाच सेकंद धरायचा, मग सोडायचा. असे दहा. मग पोटाशी उशी धरून तीन वेळा खोकायचं. पुन्हा दहा, पुन्हा तीन. शुद्धीवर आल्या क्षणापासून, जागे असाल तोवर, दर तासाला. कोणी सांगायला येईल याची वाट पाहायची नाही. हे पेशंटने तिथल्या तिथे करून दाखवायचं आणि चुकलं तर दुरुस्त व्हायचं.

याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: तालीम. नाटकवाले तिसऱ्या घंटेनंतर संहिता वाचायला घेत नाहीत. पैलवान आखाड्यात उतरल्यावर डाव शिकत नाही. ऑपरेशननंतरचा माणूस हा शिकायच्या स्थितीतला माणूस नसतोच. नाकात नळी, पोटात कळ, डोक्यात औषधाचं धुकं, भोवती दहा नातेवाईक. तिथे नवं काही आत शिरत नाही. आधी घोटून ठेवलेलंच बाहेर येतं.

कल्पना जुनी आहे. लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळात १९३०च्या दशकात विनिफ्रेड लिंटन या बाई छातीच्या ऑपरेशनच्या पेशंटांकडून श्वासाचे व्यायाम करून घेत. १९६४मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी तर फारच साधी गोष्ट केली. पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांपैकी निम्म्यांपाशी जाऊन ते बसले. दुखेल कुठे, किती, किती दिवस. कुशीवर वळायचं कसं, स्नायू सैल कसे सोडायचे, हे सांगितलं. उरलेल्यांना दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. सर्जनना कोणाला सांगितलंय याचा पत्ता नव्हता. सांगितलेल्यांना वेदनाशामक निम्म्यानेच लागलं आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. साठ वर्षं झाली या गोष्टीला. एखादी गोळी असती तर एव्हाना तिच्या वीस कंपन्या निघाल्या असत्या.

हृदयाच्या बायपासचा दाखला आहे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा. २००६मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात छातीचा धोका जास्त असलेल्या २७९ जणांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. हातात मावणारं छोटं यंत्र, त्यातून श्वास आत ओढायला जरा जड जातं, एवढंच. छातीची गुंतागुंत झाली १८ टक्क्यांना; व्यायाम न केलेल्यांत ३५ टक्क्यांना. म्हणजे वाट पाहण्याचे दिवस, जे आपण काळजी करण्यात आणि नातेवाइकांना फोन करण्यात घालवतो, ते कमाईचे दिवस आहेत.

आता त्या तीन चेंडूंबद्दल. पोटाच्या ऑपरेशननंतर नुसतं ते यंत्र हातात देऊन गुंतागुंत कमी होते, असा भरवशाचा पुरावा जगभरचे अभ्यास एकत्र करूनही मिळालेला नाही. यंत्र वाईट नाही. हळू ओढलं, वर धरलं, तर खोल श्वासाची आठवण ते करून देतं. पण आपल्याकडे यंत्र दिलं म्हणजे शिकवलं, असा समज होऊन बसला आहे. बिलावर यंत्राची किंमत दाखवता येते, शिकवण्याची दाखवायची कुठे?

हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपीचं भारतातलं माहेर मुंबईतच आहे, हे बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नसतं. पोलिओच्या साथीनंतर १९५२मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांनी मिळून देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा काढली. १९५५मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी हा पेशा इथे रुजला, आणि लोकांच्या मनात तो हातापायांशीच चिकटून राहिला. फिजिओ म्हणजे कंबरेला शेक, गुडघ्याला मशीन, लकवा झाल्यावर घरी येणारे सर किंवा मॅडम. छातीचा फिजिओ असतो, आयसीयूत त्याला स्वतंत्र काम असतं, हे आपल्याला कळतं ते आपलं माणूस आयसीयूत गेल्यावर. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला स्वतःची ओळख दिली. वॉर्डात मात्र अजून सर्जनने कागदावर 'फिजिओ रेफरन्स' लिहिला तरच पाय वळतात, आणि तो कागद बहुतेक वेळा टाके पडल्यावर लिहिला जातो.

सरकारी इस्पितळात याची कारणं डोळ्यांना दिसतात. बाहेरगावचा पेशंट पहाटेच्या एसटीने येतो. केसपेपरची रांग, सर्जनची रांग, रक्ताची रांग, भूलतज्ज्ञांची रांग. फिजिओथेरपीचा विभाग बहुधा दुसऱ्याच इमारतीत, तळमजल्यावर, टोकाला. तिथे पोचेपर्यंत ओपीडी उठलेली असते आणि परतीची गाडी चुकवून चालत नाही. भरती व्हायचं ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. रात्री बारानंतर पाणी बंद, सकाळी हिरवा गाऊन. त्यात अर्धा तास कोणाकडे असतो? खासगीत रांग नसते, पण तिथे पॅकेज असतं, आणि ऑपरेशनआधीची शिकवणी त्यात सहसा धरलेली नसते. टास्मानियाच्या अभ्यासातली युक्ती इथेच उपयोगी पडावी: त्यांनी पेशंटला वेगळं बोलावलंच नाही. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला आलेला माणूस तिथेच पकडला. आपल्याकडे त्या रांगेत लोक दोन-दोन तास बसलेले असतात. पलीकडे एक बाकडं, एक उशी आणि एक फिजिओ बसवला तर त्या रांगेचंच वर्गात रूपांतर होईल. विद्यार्थी तर मोठ्या इस्पितळांत असतातच.

भाषेचंही बघायला हवं. ही मुलं इंग्रजीतून शिकतात आणि नंदुरबारच्या म्हाताऱ्याला 'डीप ब्रीदिंग' सांगतात. मला भेटलेली ती स्ट्रॉवाली मुलगी हुशार होती. कफ बाहेर काढण्याची एक कमी दुखणारी रीत असते. तोंड उघडं ठेवून हवा जोरात पण लांबवत बाहेर सोडायची. तिने काकांना सांगितलं, "चष्मा पुसायच्या आधी काचेवर वाफ धरता ना, 'हा' करून? तसं. जोरात." काकांना लगेच जमलं. खाकरणं, धाप, दम, कफ सुटणं, छाती भरणं हे सगळे शब्द आपल्या लोकांपाशी आहेत. 'दम खाऊ नका, दम धरा' एवढं म्हटलं तरी श्वास रोखायचा असतो हे कळतं. योगासनं करणारे आजोबा असतील तर अर्धं काम झालेलं असतं. फक्त पोटावर ताजे टाके असताना कपालभाती करायची नाही, हे त्यांना आठवणीने सांगावं लागतं, कारण ते नेमकी तीच करायला जातात.

आपल्याकडच्या फुप्फुसांचीही एक गोष्ट आहे. 'बिडी-सिगरेट ओढता का?' या प्रश्नाला बाई 'नाही' म्हणते आणि रकाना भरला जातो. पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची छाती बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली असू शकते. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या दम्यासारख्या जुनाट विकाराकडे जगाचं लक्ष वेधलं, त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण होतं. गर्भाशयाच्या किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या मावशींना चुलीबद्दल विचारायला हवं. आणि बिडी ओढणाऱ्यांसाठी: चार आठवडे आधी सोडली तर छातीला त्याचा खरा फायदा होतो. 'आता ठरलंच आहे तर सोडून काय उपयोग' असं काका म्हणाले होते. त्यांच्यापाशी तीन आठवडे होते. तेही वाया गेले.

सगळ्यांत अवघड पेशंट मात्र खाटेवर नसतो, खाटेभोवती असतो. आपल्या माणसाला उठू न देणं ही आपल्याकडे मायेची खूण आहे. 'पडून राहा', 'बोलू नका, टाके तुटतील', 'खोकला दाबा', 'संडासला पॉट लावू दे की सिस्टर'. काकूने तेच केलं, जीव लावून केलं. आजारी माणसाला बाळंतिणीसारखं जपायचं, ही तिची शिकवण. पडून राहण्याची किंमत तिला कोणी सांगितली नव्हती. अमेरिकेत २००७मध्ये एका अभ्यासात साठीपुढची बारा धडधाकट माणसं दहा दिवस नुसती अंथरुणात ठेवली; त्यांच्या पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ही धडधाकटांची गोष्ट, ज्यांचं काही कापलंही नव्हतं. म्हणून शिकवणीला पेशंटबरोबर रात्री खाटेशी झोपणारा माणूस हवाच. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या कोपरावर उठायचं, म्हणजे पोटावर ताण येत नाही. उशी टाक्यांवर घट्ट धरली की खोकल्याने टाके तुटत नाहीत. हे काकूला आधी दाखवलं असतं, तर तिने काकांना गाढ झोपेतूनही उठवून बसवलं असतं. तिचा स्वभाव तसा आहे.

गुडघ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात कोणाचा तरी गुडघा बदललेला असेल. गुडघा आणि खुब्याच्या सांधेरोपणाआधीच्या शिकवण्यांचे अभ्यास २०१४मध्ये एकत्र करून तपासले गेले. वेदना, भीती, चालणं यांत नेहमीच्या उपचारापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे ऑपरेशनआधीचं प्रत्येक व्याख्यान गुणकारीच, असं मानायचं कारण नाही. माझ्या मते फरक असा आहे: पोटाच्या आणि छातीच्या ऑपरेशननंतर एक ठरावीक कृती, ठरावीक तासांत, पेशंटनेच करायची असते, आणि ती हुकली की नुकसान लगेच होतं. गुडघ्याला पुढे महिनोन् महिने शिकवणारं कोणी ना कोणी असतं. तरी वॉकर धरून दहा पावलं चालून बघणं आणि घरातल्या भारतीय पद्धतीच्या संडासावर खुर्ची बसवून घेणं, ही दोन कामं ऑपरेशनआधी उरकलेली बरी. घरी परतल्यावर सुतार शोधत बसायची वेळ येऊ नये.

काका आता बरे आहेत. गेल्या वर्षी काकूच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन निघालं, तेव्हा तारीख ठरताच काकांनी फिजिओचा पत्ता स्वतः शोधला. घरी रोज संध्याकाळी तालीम चालायची. काकू उशी छातीशी धरून खोकायची आणि काका समोर बसून मोजायचे. तीन चेंडूंचं नवं यंत्र आणलं होतं. ते ओढायचं असतं, हे काका येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवायचे.

तुमच्या घरात कोणाला ऑपरेशनची तारीख मिळाली, तर किती वाजल्यापासून उपाशी राहायचं हे तुम्ही विचारालच. त्याच वेळी आणखी एक विचारा: इथे फिजिओ कुठे बसतात आणि आजच भेटतील का? भेटलेच, तर रात्री खाटेशी झोपणारा माणूस बरोबर न्या.